पुरुषपणाचे नियम कुणी ठरवले?

बाप्यामाणसानं रडू नये, कर्जाचं घरात सांगू नये, असं आपल्याकडं पोरांना लहानपणापासून ऐकवतात. पण पुरुष कसा असावा, याचा नियम सगळीकडं सारखा नाही. सहारा वाळवंटातल्या तुआरेग समाजात तोंड झाकतात ते पुरुष, बायका नाही. मध्य आफ्रिकेच्या जंगलातल्या अका समाजात बाप तान्ह्या लेकराला दिवसातला बराच वेळ सांभाळतो. त्यात कमीपणा नाही. युरोपात १६०० च्या सुमारास इराणी घोडेस्वारांचे उंच टाचांचे बूट सरदारांनी उचलले. फ्रान्सचा राजा चौदावा लुई लाल टाचा मिरवायचा. पुढं पुरुषांनी त्या सोडल्या अन् टाचा बायकांच्या ठरल्या. म्हणजे हे नियम माणसांनीच केले, माणसंच बदलतात. सोसायटीचं कर्ज थकलं असेल, तर आधी घरात बोला. त्यानं मर्दानगी कमी होत नाही.