पोट भरते तेव्हा मन कसे भरते?

घोलवडचा पिकलेला चिकू खाताना दोनावर कधीच थांबता येत नाही. कल्पना करा, असे चिकू खात वाढलेला बोईसरचा कुणी माणूस लोकलने मुंबईला जातो आणि वजन कमी करण्यासाठी जठराची शस्त्रक्रिया करून घेतो. काही महिन्यांनी तोच चिकू तोंडात घालतो आणि म्हणतो, “बापरे, किती गोड हा!” दोन फोडींतच त्याचे मन भरते. डॉक्टरांनी हात लावला पोटाला, मग बदलली ती जीभ कशी?

असा अनुभव जगभरचे कितीतरी रुग्ण सांगतात. गोड आणि तेलकट पदार्थ नकोसे होतात, काहींना मटणाचा वासही सहन होत नाही.

‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे 80 टक्के भाग काढतात, उरते ती केळ्याएवढी नळी. पिशवी लहान झाली म्हणून खाणे कमी झाले, असे आपण म्हणू. पण कमी खाल्ले की भूक खवळते, हे उपास करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इथे मात्र भूकच निवते! जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचे संप्रेरक तयार होते. जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी ते 1999 मध्ये शोधले. पोट रिकामे झाले की मेंदूला ‘जेवायला वाढा’ असा निरोप देणारे हेच. नेमका तोच भाग गेल्यावर निरोप क्षीण होतो.

‘बायपास’ या दुसऱ्या प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा जेमतेम 30 मिलीलिटरचा कप्पा ठेवून तो थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न तिथे लवकर पोहोचते आणि आतड्यातून जीएलपी-1 सारखी संप्रेरके भरभरून सुटतात. ती मेंदूला सांगतात, ‘पुरे’. वजन घटवणारी आजची गाजलेली इंजेक्शने याच जीएलपी-1 ची नक्कल करतात. बायपासनंतर गोडधोडाची नुसती चित्रे पाहिली तरी मेंदूतली सुखाची केंद्रे पूर्वीइतकी चेतत नाहीत, असेही तपासण्यांत दिसले आहे. त्यातच भरपूर साखर खाल्ली, तर ती झपाट्याने आतड्यात उतरून घाम फुटतो, छाती धडधडते. एकदोनदा असे झाले की शरीर तो धडा विसरत नाही.

जेवणाची रीतही नव्याने शिकावी लागते, अगदी उष्टावण झालेल्या बाळासारखी. आधी वरणाचे पाणी, मग कालवलेले मऊ अन्न, मग हळूहळू घट्ट. प्रत्येक घास बारीक चावायचा, जेवताना पाणी प्यायचे नाही, प्रथिने आधी खायची. सातपाटीच्या ताज्या बोंबलासारखा मऊ मासा सहज उतरतो, कोरडी भाकरी अडकते. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. शरीरात जस्त कमी पडले, तरी चव बिघडते.

सगळ्यांचीच चव बदलते असे नाही. बदललेली चव काहींना वर्षा-दोन वर्षांत पुन्हा पूर्वीसारखी लागू लागते. म्हणून तेवढ्या काळात लागलेल्या सवयी मोलाच्या.

‘पोट भरले, पण मन भरले नाही,’ असे आपण पानावरून उठताना सहज म्हणतो. दोघांमध्ये केवढी बोलणी चालतात, हे त्या दोन फोडींवर थांबलेल्या हाताने दाखवले.