नायट्रो गाड्या: वेग आणि टिकाऊपणा यांतील निवड

रेडिओ लहरींनी दुरून चालवल्या जाणाऱ्या छोट्या गाड्यांपैकी ज्या बॅटरीऐवजी टू-स्ट्रोक इंजिनावर धावतात, त्यांना इंधनातील नायट्रोमिथेन या द्रवावरून ‘नायट्रो’ म्हटले जाते. त्यांचे इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणतेल यांचे मिश्रण. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला साधारण साडेसहा किलो पुरते आणि नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने त्याचे काम जेमतेम १.७ किलोत भागते. त्यामुळे सिलिंडरमध्ये तेवढीच हवा जात असताना कितीतरी जास्त इंधन जाळता येते आणि ३.५ घन सेंटिमीटरचे इंजिनही मिनिटाला ३० हजारांहून अधिक फेरे घेऊ शकते. ठिणगीची येथे गरज नसते. सुरू करताना बॅटरीने तापवलेली ग्लो प्लगमधील प्लॅटिनमयुक्त तार पुढे ज्वलनाच्या उष्णतेने आणि मिथेनॉलशी होणाऱ्या उत्प्रेरक क्रियेने आपोआप तापलेली राहते.

गाडी निवडताना खरी अडचण उभी राहते ती वंगणामुळे. या इंजिनात तेलाची वेगळी टाकी नसते आणि तेल इंधनाबरोबरच आत येते. म्हणून कार्ब्युरेटरची सुई आवळून इंधन कमी केले, की एका मर्यादेपर्यंत वेग वाढतो खरा, पण त्याच क्षणी वंगण घटते आणि इंधनामुळे मिळणारा गारवाही कमी होतो. वेग आणि आयुष्य अशा रीतीने एकाच सुईला बांधलेले असल्यामुळे, जाहिरातीतील कमाल वेगाच्या आकड्यावरून गाडी घेणे हा निवडीचा सर्वांत कच्चा मार्ग ठरतो.

निव्वळ वेगच हवा असेल, तर एक-अष्टमांश प्रमाणातील डांबरी ट्रॅकच्या गाड्यांना तोड नाही. फोमचे टायर, जमिनीलगतची चासी आणि वेग वाढताच आपोआप बदलणारा दोन टप्प्यांचा गिअर यांच्या बळावर त्या ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातात. मात्र त्यांना स्वच्छ, सपाट पृष्ठभाग लागतो. दुसऱ्या टोकाला १९९९ साली आलेल्या ट्रॅक्सस कंपनीच्या टी-मॅक्ससारखे मॉन्स्टर ट्रक आहेत. मोठ्या चाकांमुळे ते गवतातून आणि खाचखळग्यांतून सहज जातात, पण उंचीमुळे वळणावर उलटतात, आणि जड चाकांचा ताण शेवटी गिअर व अ‍ॅक्सलवर येतो.

या दोहोंपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते ती जपानच्या क्योशो कंपनीच्या इन्फर्नो मालिकेसारखी एक-अष्टमांश ऑफ-रोड बग्गी. चारही चाकांना शक्ती, सिलिकॉन तेल भरलेले तीन डिफरेन्शियल आणि धातूची जाड चासी ही रचना शर्यतीतूनच घडली आहे, कारण मोठ्या स्पर्धांची अंतिम फेरी तासभर चालते आणि १२५ घन सेंटिमीटरची टाकी त्या अवधीत पुन्हापुन्हा भरावी लागते. उड्या मारत तासभर टिकणे ही तेथे जिंकण्याची पहिली अट असते. वेगात ती डांबरी गाडीच्या मागे राहते, पण ज्याला एकच गाडी घ्यायची आहे त्याने हीच घ्यावी.

मात्र बग्गी असली तरी धूळ तिलाही सोडत नाही. हवेच्या फिल्टरचा फोम तेलाने ओला नसेल, तर बारीक माती थेट सिलिंडरमध्ये जाते. बहुतेक इंजिनांत सिलिंडरची क्रोमचा मुलामा दिलेली पितळी नळी वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, आणि थंड स्थितीत पिस्टन तेथे घट्ट अडकतो; इंजिन तापल्यावर नळी प्रसरण पावून नेमके माप जुळते. धुळीने झिजलेल्या इंजिनात हा घट्टपणा उरत नाही. म्हणून वापरलेली गाडी घेताना इंजिन थंड असतानाच फ्लायव्हील हाताने फिरवून पाहावे: पिस्टन शेवटच्या टोकाला अडखळला तर इंजिनात अजून दम आहे, आणि सहज फिरून गेला तर नव्या पिस्टन-सिलिंडरचा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा.