एका मिनिटाची मोजणी

डिसेंबर महिना होता. अकोल्यात चांगलीच थंडी पडली होती. माझ्या वर्गातील एक मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती एक प्रश्न घेऊनच. तिच्या दहा महिन्यांच्या भावाला खोकला आणि ताप होता. दादी म्हणत होत्या, "थंडीची सर्दी आहे. छातीला गरम तेल चोळा, बरे वाटेल." अम्मीला मात्र काळजी वाटत होती. मुलीने मला विचारले, "सर, साधा खोकला आणि न्यूमोनिया यांतला फरक घरी कसा ओळखायचा?"

मी म्हणालो, "तुमच्या घरी सेकंदकाटा असलेले घड्याळ आहे ना? मग आत्ताच घरी जा आणि भावाचे श्वास मोज."

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या छातीत दोन फुप्फुसे असतात. उर्दूत आपण त्यांना फेफडे म्हणतो. फुप्फुसांत हवेच्या अगदी लहान लहान पिशव्या असतात. काही जिवाणू तेथे शिरले की या पिशव्यांत पू आणि पाणी साचते. मग शरीराला पुरेशी हवा मिळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी आजारी मूल भराभर श्वास घेते. यालाच न्यूमोनिया म्हणतात. आपल्या घरांत "पसली चल रही है" असे म्हणतात, ते पुष्कळदा याच आजाराविषयी असते. जगात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ७ लाख मुले या आजाराने दगावतात.

श्वास मोजण्याची रीत सोपी आहे. मूल शांत असावे. ते रडत किंवा दूध पीत असताना मोजू नये. अंगावरचा कपडा वर करावा आणि पोटाकडे पाहावे. पोट एकदा वर आले की एक श्वास. असे पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कधी कधी नुसत्या तापानेही श्वास वाढतो. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे, आपण नव्हे.

ही साधी मोजणी किती मोलाची आहे, हे आपल्या विदर्भातच सिद्ध झाले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील लोकांना आणि सुइणींना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले. ज्या सुइणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मण्यांचे एक साधन बनवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. लाल मणी सरकला की न्यूमोनिया समजायचा! या कामाची हकीकत १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. जेथे हे काम झाले त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते.

डॉक्टरांनी घरीच उपचार करायला सांगितले, तर घरच्यांची जबाबदारी वाढते. औषध ठरलेल्या वेळी आणि ठरलेले सगळे दिवस द्यावे. ताप उतरला म्हणून मध्येच थांबवू नये. उरलेले जिवाणू पुन्हा वाढू शकतात. दुसऱ्या कुणाच्या उरलेल्या गोळ्या मुलाला कधीही देऊ नयेत. आईचे दूध चालू ठेवावे. बाळाला उबदार ठेवावे. पण पऱ्हाट्या पेटवलेल्या चुलीजवळ बसवू नये, कारण धूर फुप्फुसांना त्रास देतो. दोन दिवसांनी मूल पुन्हा डॉक्टरांना दाखवावे.

काही लक्षणे दिसली तर मात्र घरी थांबू नये. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळे पडणे, दूध-पाणी न पिणे, झटके येणे, मूल सुस्त पडणे, यांपैकी एकही लक्षण दिसले की १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास नुसता जलद असला तरी त्याला लगेच रुग्णालयात न्यावे.

न्यूमोनियाच्या काही जिवाणूंपासून बचाव करणारी न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते. ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत देतात. आपल्या घरातील बाळाचे लसीकरणाचे कार्ड आज नक्की पाहा.

त्या मुलीने त्या दिवशी भावाचे श्वास मोजले. ५८ भरले. तिने दुसऱ्यांदा मोजले, तरी ५८. दादींनी तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि स्वतःच म्हणाल्या, "चला, दवाखान्यात चला." तो न्यूमोनियाच होता. वेळेवर औषध मिळाले आणि बाळ बरे झाले. आता मोहल्ल्यात कुणाचे मूल खोकू लागले, की दादी आधी घड्याळ मागतात.