डिस्चार्ज कार्डावर नसलेला प्रश्न

जळगावात माझी अँजिओप्लास्टी झाली. घरी जाताना मिळालेल्या कागदावर बऱ्याच सूचना होत्या : गोळ्या कधी, मीठ किती, जड वस्तू कधीपासून उचलायच्या. भरिताबद्दल मीच विचारले. डॉक्टर हसून म्हणाले, "खा, पण वरून तेल नको." पती-पत्नीसंबंधांबद्दल मात्र कागदावर अक्षर नव्हते आणि विचारण्याचे धाडस मला झाले नाही. घरी आलो, तर पत्नीने माझे अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलेले. मला वाटले, तिला डॉक्टरांनी काही सांगितले असेल. तिला वाटले, मला सांगितले असेल. हा गैरसमज चार महिने टिकला.

पुढे मेहरूण तलावावर सकाळी फिरताना आणि धुळ्याला मामेभावाकडे गेल्यावर असेच काही जण भेटले. ओळख मुरल्यावर विषय काढला. पाहणी नव्हे, गप्पाच. पण समज एकच : 'आता ते बंद.' कोणी सांगितले? कोणीच नाही. डॉक्टर बोलले नाहीत, तीच मनाई समजली गेली. एकाने तर शरीरातले 'तेज' जाऊन हृदय खचते असे सांगितले. वीर्याबद्दलची जुनी धारणा अशी हृदयरोगाला येऊन चिकटली आहे.

प्रत्यक्षात श्रम किती होतात? हेलरस्टीन आणि फ्रीडमन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७० मध्ये मध्यमवयीन हृदयरोग्यांचे ठोके त्यांच्या स्वतःच्या घरी नोंदवले. संबंधाच्या वेळी ते मिनिटाला सरासरी ११७ पर्यंत गेले. त्याच माणसांच्या रोजच्या कामात १२० पर्यंत जात होते. १९९६ च्या एका मोठ्या अभ्यासात संबंधानंतरच्या दोन तासांत झटक्याची शक्यता अडीच पट आढळली. हा आकडा घाबरवतो खरा, पण मुळातली शक्यताच तासामागे दहा लाखांत मोजावी इतकी लहान असते. नियमित व्यायाम करणाऱ्यांत तर ही वाढही दिसली नाही.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये दिलेला सल्ला साधा आहे. दोन मजल्यांचा जिना छातीत न दुखता, धाप न लागता चढता आला, तर बहुतेकांना हरकत नाही. गुंतागुंत नसलेल्या झटक्यानंतर आठवडाभराने, बायपासनंतर छातीचे हाड जुळायला सहा ते आठ आठवडे थांबून. धाप, छातीत दुखणे किंवा अनियमित ठोके चालूच असतील, तर आधी तपासणी.

खरा धोका वेगळाच आहे, आणि तो या मौनातून येतो. काही औषधांनी, मधुमेहाने किंवा नुसत्या धास्तीने पुरुषाची ताकद कमी होते. डॉक्टरांना विचारायची लाज, म्हणून तो मेडिकलमधून गुपचूप गोळी आणतो. सिल्डेनाफिल १९९८ पासून बाजारात आहे. खिशात जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट असतेच. ही दोन्ही औषधे रक्तवाहिन्या सैल करतात. एकत्र आली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका घसरू शकतो. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टॅडालाफिलनंतर ४८ तास सॉर्बिट्रेट चालत नाही. छातीत दुखून दवाखान्यात गेलात, तर ती गोळी घेतल्याचे आधी सांगा. तिथे लाजू नका.

रोगी स्त्री असेल तर मौन आणखी दाट. अमेरिका आणि स्पेनमधल्या, झटका आलेल्या पंचावन्नपर्यंतच्या रुग्णांत पहिल्या महिन्यात डॉक्टरांशी याबद्दल बोलणे झालेले पुरुष १९ टक्के आणि स्त्रिया १२ टक्के होत्या. तिकडे ही अवस्था. धुळ्यात बायपास झालेल्या माझ्या एका नात्यातल्या वहिनींना तर असा प्रश्न आपलाही असू शकतो, हेच नवल वाटले.

शब्द नाहीत म्हणून आपण गप्प आहोत, असे मराठीत तरी म्हणता येत नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केले, त्यासाठी खटले सोसले. १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. मासिक थांबून सत्तर वर्षे झाली, आणि मी एम. ए. मराठी माणूस डॉक्टरांपुढे भरितावर बोलून परतलो.

पुढच्या तपासणीला पत्नी बरोबर आली आणि तिनेच विचारले. डॉक्टरांनी जिन्याची गोष्ट सांगितली. त्या संध्याकाळी मुलाच्या इमारतीत आम्ही लिफ्ट सोडून जिना चढलो. दुसऱ्या मजल्यावर ती कठडा धरून थांबली. मला काही झाले नव्हते.

"अहो," ती म्हणाली, "तपासणी माझीच करायला हवी."