स्फोटक हवेंत वीज कशी वापरतात

महाडाहून बिरवाडीच्या रस्त्यानें सकाळच्या पाळीच्या वेळीं जो कोणी जाईल, त्यास कारखान्यांकडे निघालेल्या कामगारांची रीघ दिसेल. आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलांचे वडील व थोरले भाऊ त्या रिघेंत असतात. आणि शाळा सोडल्यावर वायरमनचें किंवा फिटरचें काम शिकून कांहीं मुलेंहि तेथेंच जातील. औषधें व रसायनें तयार करणाऱ्या कारखान्यांस टॉल्युइन, मिथेनॉल, अॅसिटोन असे उघडें ठेवतांच उडून जाणारे द्रव लागतात. ३ नोव्हेंबर २०२३ रोजीं महाडच्या औद्योगिक वसाहतींतील एका औषधांच्या कारखान्यांत स्फोट होऊन आग लागली व तींत अनेक कामगारांचा अंत झाला. त्या अनर्थास वीज कारण झाली असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु जेथें हवाच पेट घेण्याजोगी होऊं शकते, तेथें विजेचा दिवा तरी कसा लावावा, हा प्रश्न या दुर्घटनेनंतर आमच्या पालकांपैकीं कित्येकांच्या मनांत आला असेल.

द्रव पेटतो असें आपण म्हणतों. खरोखर पेटते ती त्याची वाफ, आणि तीहि हवेंत विवक्षित प्रमाणांत मिसळली असेल तरच. टॉल्युइनची वाफ हवेच्या शंभर भागांत सुमारें १ ते ७ भाग असली म्हणजे मिश्रण स्फोटक होतें. त्याहून कमी असेल तर इंधन अपुरें, अधिक असेल तर हवा अपुरी. हायड्रोजन वायूची हीच मर्यादा ४ पासून ७५ भागांपर्यंत पसरलेली आहे. म्हणून तो फार दगलबाज समजावा. शिवाय टॉल्युइनसारख्यांची वाफ हवेहून जड असल्यामुळें ती वर न जातां जमिनीलगत सरपटते आणि गटारांत व खड्ड्यांत जाऊन बसते. जेथें वास येत नाहीं तेथेंहि ती असूं शकते.

अशा ठिकाणीं साधें बटण दाबलें तर आंत बारीक ठिणगी उडते. बटण बंद करतांनाहि उडते, किंबहुना पुष्कळदां तेव्हांच मोठी उडते. म्हणून तेथें जाड बिडाच्या किंवा अॅल्युमिनमच्या, भोंवतीं बोल्टांची रांग असलेल्या पेट्या बसवितात. कामगार त्यांस ‘फ्लेमप्रूफ’ म्हणतात. आंत वायु शिरूंच नये म्हणून ही पेटी इतकी घट्ट केलेली असते, अशी बहुतेकांची समजूत आहे. ती अगदीं चुकीची होय. वायु आंत शिरणारच, हें धरूनच ती पेटी केलेली असते. आंत ठिणगी पडून स्फोट झाला तरी पेटी फुटूं नये इतकी ती भक्कम असते. आणि झांकण व पेटी यांच्या दोन गुळगुळीत कडांमधून जी अतिशय अरुंद फट असते, तींतून बाहेर येतां येतां ज्वाला त्या धातूस आपली उष्णता देऊन विझून जाते. बाहेर पडतो तो केवळ निवालेला वायु. हंफ्रे डेव्ही यानें १८१५ सालीं खाणींतील दिव्याभोंवतीं तारेची जाळी बसविली, तिचेंहि मर्म हेंच होतें.

ती फट किती अरुंद हवी, तें वायूवर अवलंबून आहे. प्रयोगशाळेंत ठराविक साधनानें मोजलें असतां प्रोपेनची ज्वाला सुमारें ०.९ मिलिमीटरच्या फटींत अडते; हायड्रोजनची मात्र ०.३ मिलिमीटरच्या आंतबाहेर. म्हणून वायूंचे वर्ग पाडलेले आहेत : खाणींतील वायूकरितां वर्ग १, इतरत्र प्रोपेनसारख्यांकरितां २ए, इथिलीनसारख्यांकरितां २बी, आणि हायड्रोजन व अॅसिटिलीन यांजकरितां २सी. २सी ची पेटी २ए च्या जागीं चालेल. उलट केल्यास मात्र चालणार नाहीं.

पेटीवरील धातूच्या पट्टीवर प्रथम ‘ईएक्स’ हीं अक्षरें असतात. त्यांच्यापुढें संरक्षणाचा प्रकार (‘डी’ म्हणजे वर सांगितलेली फ्लेमप्रूफ पेटी), मग वायूचा वर्ग, आणि शेवटीं ‘टी’ अक्षर व एक आंकडा. हा शेवटचा आंकडा आमच्या मतें सर्वांत दुर्लक्षिला जातो. ठिणगी नसतांहि नुसत्या तापलेल्या पृष्ठभागानें वाफ पेटूं शकते. म्हणून ती वस्तु बाहेरून जास्तींत जास्त किती तापेल तें तो सांगतो. टी१ म्हणजे ४५० अंश सेल्सियस, टी२ ३००, टी३ २००, टी४ १३५, टी५ १०० व टी६ ८५. आंकडा वाढतो तशी उष्णता कमी होते, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. टॉल्युइन आपोआप पेटण्यास ४५० हून अधिक अंश लागतात; ईथरला २०० सुद्धां लागत नाहींत. तेव्हां टॉल्युइनच्या शेजारीं निर्धोक असलेली टी३ ची मोटार ईथरच्या शेजारीं घातक ठरते.

फ्लेमप्रूफ पेटीहून वेगळा असा दुसरा एक उपाय आहे, व त्याची कथा मोठी शोककारक आहे. १४ ऑक्टोबर १९१३ रोजीं वेल्समधील सेंघेनिद येथील कोळशाच्या खाणींत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार मेले. त्या काळीं खाणींत दोन उघड्या तारा ताणलेल्या असत. त्यांवर लोखंडाचा तुकडा टेकवला कीं दूर घंटा वाजे. ही विद्युत् बॅटरीची, अगदीं सौम्य. तिच्यापासून काय भय, असें सर्वांस वाटे. चौकशींत संशय इतर गोष्टींबरोबर या घंटेच्या ठिणगीवरहि गेला. तज्ज्ञांनीं प्रयोग केले, तेव्हां कळलें कीं घंटेच्या वेटोळ्यांत सांठलेली शक्ति तार सुटतांना ठिणगीच्या रूपानें एकदम बाहेर पडते, आणि तेवढी खाणींतला वायु पेटविण्यास पुरे होते. त्यांतूनच पुढें असें मंडल रचण्याची विद्या निघाली कीं ज्यांत तार तुटली वा जोडली गेली तरी निघणारी ठिणगी पेटविण्यास असमर्थच असावी. याची खूण ‘आय’ हें अक्षर होय. मोजमापाच्या यंत्रांस ही रीत शोभते. मोठ्या मोटारीस ती लावतां येत नाहीं, कारण तिला शक्तिच फार लागते.

मुंबई–गोवा महामार्गावर महाड-पोलादपूरच्या बाजूस आपण पेट्रोल पंपावर थांबतों, तेथेंहि हाच विचार केलेला असतो. जमिनीखालच्या टांकींत वाफ सदैव असते, म्हणून तो ‘झोन ०’. पेट्रोल मोजून देणाऱ्या यंत्राच्या आंत ती नेहमींच्या कामांत असण्याचा संभव, तो ‘झोन १’. भोंवतालच्या जागेंत ती क्वचित् व थोडा वेळ येणार, तो ‘झोन २’. झोन ० मध्यें ‘डी’ ची पेटीसुद्धां चालत नाहीं. पेट्रोलियमच्या अशा जागांकरितां उपकरणांस मान्यता देणाऱ्या सरकारी संघटनेचें मुख्य कार्यालय आपल्याच प्रांतांत, नागपुरास आहे. १८९८ सालीं स्थापन झालेल्या विस्फोटक खात्याचेंच तें आजचें रूप होय.

आतां आमच्या भागाची एक विशेष अडचण. येथला पाऊस कसा असतो हें सांगावयास नको. २०२१ च्या जुलैंत सावित्रीचें पाणी महाड शहरांत शिरलें तें सर्वांस आठवत असेल. फ्लेमप्रूफ पेटी ज्वाला अडविते, पाणी अडविते असें नव्हे. त्याची खूण निराळी, ती ‘आयपी’ या अक्षरांनीं देतात. पाणी शिरलें कीं पेटी उघडावी लागते आणि नुकसान तेथें होतें. कडांना गंज चढलेला दिसतो. कोणी तो कानसेनें घासून काढतो व फट वाढवितो. कोणी पुन्हा पाणी येऊं नये म्हणून सायकलच्या ट्यूबची चकती कापून मध्यें घालतो. बारांपैकीं दोन बोल्ट हरवले तर दहांवर भागवितात. नवी केबल घ्यावयाची तर बाजूस भोंक पाडतात. असें झाल्यावर पट्टीवर अक्षरें तींच राहतात, पण पेटी ती राहत नाहीं. योग्य रीत इतकीच कीं वीज तोडून कडा मऊ फडक्यानें पुसाव्या, यंत्र करणाऱ्यानें सांगितलेलें न सुकणारें ग्रीस लावावें, सर्व बोल्ट त्याच जातीचे बसवावे, आणि गंजानें कड खालेली असल्यास ती पेटी तेथून काढावी. वरिष्ठ घाई करतील. तरीहि बोल्ट पुरे असल्याशिवाय वीज जोडूं नये.

घरांत फ्लेमप्रूफ कांहींच नसतें. म्हणून स्वयंपाकघरांत गॅसचा वास आला तर दिव्याचें बटण लावूं नये आणि चालू असलेलें बंदहि करूं नये. पंखा व मोबाईल यांसहि हात लावूं नये. शेगडी व सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, दारें-खिडक्या उघडाव्या, सर्वांनीं बाहेर पडावें आणि दूर गेल्यावरच फोन करावा. कोणी पाहुणा येऊन दारावरच्या घंटेचें बटण दाबण्याचा संभव असतो. त्यास अडविण्याकरितां एकजण बाहेर अंगणांत उभा ठेवावा.