तळपट्टीचे गणित : उभ्याने चालवायच्या जेट स्कीचा तोल आणि ताबा

कोणतेही यंत्र पाहताना आपली नजर प्रथम इंजिनाकडे जाते. त्याची शक्ती किती, वेग किती, किंमत किती, हे प्रश्न आपण लगेच विचारतो. परंतु ते यंत्र चालकाच्या ताब्यात राहील की नाही, हे पुष्कळदा एखाद्या साध्या आणि डोळ्यांआड असलेल्या भागावर ठरते. उभ्याने चालवायच्या जेट स्कीच्या तळाला, अगदी मागच्या बाजूस बसवलेली धातूची पट्टी हे याचे उत्तम उदाहरण होय. या पट्टीला राइड प्लेट म्हणतात. प्रस्तुत लेखात आम्ही तिला तळपट्टी म्हणू.

हे वाहन आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. मालवण, तारकर्ली किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी ज्या वॉटर स्कूटर असतात, त्या बहुधा बसून चालवायच्या असतात. तरीही आम्ही हा विषय निवडला, याला कारण आहे. न्यूटनचे नियम, तरफेचे तत्त्व आणि द्रवाचा दाब हे शाळेत स्वतंत्र पाठांतून शिकवले जाणारे विषय येथे हातभर लांबीच्या एका पट्टीत एकत्र येतात, आणि त्यांच्या मेळावर माणसाची सुरक्षितता अवलंबून असते.

वाहनाचा परिचय

मोटारसायकल जशी चालवतात तसे पाण्यावर चालवता येईल असे एक छोटे वाहन असावे, ही कल्पना १९६०च्या दशकात अमेरिकेतील मोटोक्रॉसस्वार क्लेटन जेकबसन यांनी मांडली. कॅनडाच्या बॉम्बार्डिए कंपनीने १९६८ साली त्यांच्या कल्पनेवर आधारलेले बसून चालवायचे सी-डू हे वाहन बाजारात आणले. पण त्या वेळी ते फार काळ टिकले नाही. पुढे जपानच्या कावासाकी कंपनीने १९७३ साली उभ्याने चालवायचे वाहन विक्रीस आणले आणि त्याला जेट स्की हे नाव दिले. हे नाव वस्तुतः त्या कंपनीचे व्यापारी नाव आहे. लोकांच्या तोंडी मात्र ते अशा सर्वच वाहनांसाठी रूढ झाले. १९९० साली यामाहाचे सुपरजेट आले आणि या प्रकाराची लोकप्रियता आणखी वाढली.

या वाहनाला आसन नसते. मागच्या उघड्या खाचेत चालक उभा राहतो. पुढच्या बाजूस बिजागरीवर वरखाली होणारी एक दांडी असते व तिच्या टोकाला हँडल असते. होडीला असते तसे सुकाणू याला नसते, बाहेर फिरणारा पंखाही नसतो. तळाच्या जाळीतून पंप पाणी आत ओढतो, आतील इम्पेलर त्या पाण्याला जोर देतो आणि मागच्या नळीतून ते झोताच्या रूपाने बाहेर फेकले जाते. झोत मागे गेला की वाहन पुढे जाते, हा न्यूटनचा तिसरा नियम. हँडल वळवले की नळीचे तोंड वळते, झोताची दिशा बदलते आणि वाहनाची पिछाडी बाजूला ढकलली जाते.

तळपट्टीचे काम

पंप ज्या पोकळीत बसतो, ती पोकळी खालून झाकणे हे तळपट्टीचे पहिले काम. दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. ही पट्टी वाहनाच्या तळाचा शेवटचा भाग बनते. तळाखालून वाहत आलेले पाणी वाहनाला ज्या ठिकाणी अखेरचा स्पर्श करून सुटते, ते ठिकाण म्हणजे या पट्टीची मागची कड.

हे महत्त्व समजण्यासाठी वाहन पाण्यावर कसे राहते ते पाहू. उभे असताना ते आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे तरंगते, म्हणजे जितके पाणी बाजूला सारते तितक्या पाण्याच्या वजनाइतका आधार त्याला मिळतो. वेग वाढला की तळ पाण्याला खाली ढकलतो आणि पाणी तळाला वर उचलते. मग वाहन पाण्यात बुडालेले न राहता पाण्याच्या पृष्ठावरून घसरू लागते. पूर्ण वेगात तळाचा बराचसा पुढचा भाग हवेत असतो आणि वाहनाचा भार मागच्या थोड्याशा जागेवर पेलला जातो. तळपट्टी नेमकी याच जागेत असते.

येथे दाबाचा एक हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. वाहत्या पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २० किलोमीटर वेगाचे पाणी पूर्णपणे अडवले, तर त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १६० ग्रॅम वजनाइतका भरतो. वेग ताशी ६० किलोमीटर झाला, म्हणजे तिप्पट झाला, की हाच दाब नऊपट होऊन सुमारे १ किलो ४०० ग्रॅमवर जातो. तळपट्टी पाण्याला पूर्ण अडवत नाही, त्यामुळे तिच्या वाट्याला याचा थोडाच अंश येतो. पण नऊपटीचे प्रमाण कायम राहते. म्हणूनच संथ चालवताना न जाणवणारा पट्टीचा दोष वेगात एकाएकी जाणवतो.

लांबीचा परिणाम

तळपट्टी लांब असेल, तर पाण्याचा आधार अधिक मागे मिळतो. पिछाडी थोडी उचलली जाते आणि वाहनाचे पुढचे टोक, म्हणजे नाळ, खाली राहते. हे तरफेचेच कार्य होय. मध्यापासून जितक्या दूर आधार द्यावा, तितका त्याचा परिणाम मोठा. अशा वाहनाची सरळ रेषेतील धाव स्थिर राहते.

पट्टी आखूड असेल, तर नाळ सहज वर उचलली जाते आणि पिछाडी मोकळी राहते. वाहन जागच्या जागी चटकन फिरते, लाटेवरून उडी घेणे सोपे जाते. म्हणून कसरती करणारे स्वार आखूड पट्टी पसंत करतात. परंतु वेगात हेच वाहन त्रास देऊ शकते. नाळ वर जाते, वजनाने खाली आपटते, पुन्हा वर जाते. आणि ही वरखाली हालचाल आपोआप चालू राहते. समुद्रातील डॉल्फिनसारख्या पॉर्पॉइज या प्राण्याच्या उसळ्यांवरून या दोषाला पॉर्पॉइझिंग म्हणतात. उसळ्या वाढत गेल्या, तर उभ्या चालकाचा तोल जाण्यास वेळ लागत नाही.

कोनाचा परिणाम

पट्टीची मागची कड किंचित खाली झुकलेली असेल, तर ती पाण्याला अधिक खाली ढकलते. त्यामुळे पिछाडी वर व नाळ खाली जाते. कड वर वळलेली असेल, तर उलट घडते. यात किती बारकावा आहे, हे एका आकड्यावरून कळेल. ३० सेंटिमीटर लांबीच्या पट्टीचा कोन १ अंशाने बदलला, तर तिची मागची कड जेमतेम ५ मिलिमीटर खाली किंवा वर जाते. एवढा फरक डोळ्यांना क्वचितच दिसतो, पण वेगात तो जाणवल्याशिवाय राहत नाही.

नाळ खाली राहणे चांगले, असे वाटून कोणी पट्टी फार झुकवली, तर वेगळेच संकट उभे राहते. तळाचा अधिक भाग पाण्यात राहिल्याने घर्षण वाढते आणि वेग कमी होतो. त्याहून वाईट म्हणजे, खवळलेल्या पाण्यात नाळ समोरच्या लाटेत घुसते आणि चालक हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. नाळ फार वर राहिली, तर वळण घेताना तळाचा पुढचा भाग पाण्याला धरत नाही आणि वाहन चालकाच्या इच्छेपेक्षा रुंद वळते. या दोहोंच्या मधली जागा शोधणे हेच तळपट्टीच्या रचनेचे खरे कौशल्य होय.

कडा, पन्हळी आणि फट

काही तळपट्ट्या सपाट असतात. काहींच्या खालच्या अंगाला लांबीच्या दिशेने उंचवटे किंवा पन्हळी असतात. नांगराचा फाळ जसा तासात धरून चालतो, तसे हे उंचवटे पाण्यात धरून राहतात आणि वळणावर पिछाडी बाहेर घसरू देत नाहीत. तरंगत्या खुणांभोवती वळणे घेत धावायच्या शर्यतीत ही पकड मोलाची ठरते. कसरतीत मात्र पिछाडी मुद्दाम घसरवायची असते, तेथे सपाट पट्टी बरी. पकड फार वाढली आणि चालकाने वळणावर शरीर आत झुकवले नाही, तर वाहन झटक्याने वळते आणि चालक बाहेर पडतो.

पट्टी किती चांगली आहे, याइतकेच ती कशी बसवली आहे हेही महत्त्वाचे. तळ आणि पट्टी जेथे मिळतात तेथे पायरी राहिली, तर पाण्याचा प्रवाह तेथे विस्कटतो. सांध्याला फट राहिली, तर तीमधून हवा पंपात शिरते. इम्पेलरला पाण्याऐवजी फेस मिळतो; इंजिन मोठ्याने ओरडते, पण वाहन पुढे सरकत नाही. पुष्कळदा दोष इंजिनात शोधला जातो आणि तो असतो सांध्यातील सीलमध्ये. कारखान्यात वा गॅरेजमध्ये काम करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना हा अनुभव अन्य यंत्रांच्या बाबतीत नक्कीच आला असेल.

वजनाचाही विचार करावा लागतो. यामाहाच्या जुन्या टू-स्ट्रोक सुपरजेटचे वजन सुमारे १४० किलो. त्यावर ७० किलोचा माणूस उभा राहिला, तर तो वाहनाच्या निम्म्या वजनाचा होतो. तो एक पाऊल पुढे सरकला तरी नाळ खाली जाते. कावासाकीचे २०१७ साली आलेले फोर-स्ट्रोक एसएक्स-आर सुमारे २५० किलोचे आहे. त्यावर तेच पाऊल कमी परिणाम करते. म्हणून एका वाहनावर उत्तम चाललेली पट्टी दुसऱ्यावर, किंवा एकाला मानवलेली पट्टी दुसऱ्या चालकाला, तशीच मानवेल असे नाही.

ताब्याची मर्यादा

पालकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी गोष्ट आता सांगतो. तळपट्टी तोल सांभाळते, पकड देते. पण ती सुकाणूचे काम करू शकत नाही. दिशा बदलते ती झोतामुळे. समोर अडथळा दिसताच घाबरून थ्रॉटल सोडला, की झोत मंदावतो आणि हँडल कितीही वळवले तरी वाहन बहुतांशी सरळच जात राहते. रस्त्यावर वेग कमी केल्याने वळणे सोपे होते, ही आपली सवय येथे घातक ठरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८ साली अशा वाहनांच्या सुरक्षिततेचा अभ्यास केला, तेव्हा या धोक्याकडे विशेष लक्ष वेधले. बसून चालवायच्या वॉटर स्कूटरलाही हेच लागू आहे. म्हणून सहलीला गेल्यावर मुलांना त्यावर बसू देण्यापूर्वी जीवरक्षक जाकीट नीट बांधलेले आहे, चालक पडल्यास इंजिन बंद करणारी दोरी त्याच्या मनगटाला किंवा जाकिटाला अडकवलेली आहे आणि पोहणाऱ्यांपासून पुरेसे अंतर आहे, याची खात्री करावी.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग

हे तत्त्व पाहण्यासाठी जेट स्कीची गरज नाही. हातभर लांबीची एक हलकी सपाट फळी घ्यावी. तिच्या मागच्या टोकाला पत्र्याची एक पट्टी अशी ठोकावी, की ती चार बोटे मागे बाहेर राहील. पत्र्याच्या कडा घासून बोथट कराव्यात. पुढच्या टोकाला दोरी बांधून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, उथळ व स्थिर पाण्यातून फळी वेगाने ओढावी. पत्रा सरळ असताना, किंचित खाली वाकवल्यावर आणि किंचित वर वाकवल्यावर फळीचे पुढचे टोक कसे वागते, याची नोंद वहीत करावी. नंतर पत्रा अर्धा कापून तोच प्रयोग पुन्हा करावा. वर सांगितलेले बहुतेक सारे त्या फळीवर पाहावयास मिळेल.

सर्वांत चांगली तळपट्टी कोणती, असे कोणी विचारले, तर त्याला एकच उत्तर नाही. पाणी कसे आहे, वाहन किती वजनाचे आहे, चालवणारा कोण आहे आणि त्याला सरळ धावायचे आहे की फिरायचे आहे, हे आधी विचारावे लागते. स्थैर्य वाढवले की चपळता थोडी कमी होते, चपळता वाढवली की स्थैर्य कमी होते. किती द्यायचे आणि किती घ्यायचे, हे मोजून ठरवणे म्हणजेच अभियांत्रिकी होय. आपल्या विद्यार्थ्यांनी पुढे कोणतेही यंत्र हाती घेतले, तरी इंजिनाची शक्ती पाहून झाल्यावर त्याचा तळही एकदा उलटून पाहावा, एवढेच आमचे सांगणे आहे.