आमच्या घरचं पुस्तकात का नसतं?

मुलांनो, गेल्या पावसाळ्यात आमच्या चौथीच्या वर्गात घडलेली एक गोष्ट सांगते.

मी फळ्यावर लिहिलं, 'माझ्या घरचा आवडता पदार्थ'. कृती लिहून आणायची होती. नमुना म्हणून एका मासिकातली काजू-पनीरची कृती वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी वह्या पाहते तर काय! कुणाचा पिझ्झा, कुणाचा पास्ता! "घरी करता का रे हे?" "नाही बाई, टीव्हीवर बघितलं."

एका मुलीची वही मात्र कोरी. ही रोज डब्यात भाकरी आणि बांधावरच्या पाथरीची भाजी आणते. विचारलं, तर मान खाली घालून म्हणाली, "बाई, आमच्या घरचं पुस्तकात नसतं."

मी गप्पच झाले. कारण तिचं खरं होतं.

कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' तुमच्या आजीला नक्की माहीत असेल. १९७० साली आलेलं हे पुस्तक. वाटी-चमच्याच्या मापांमुळे नवख्यांनाही स्वयंपाक जमू लागला. फार मोठं काम झालं ते! पण महाराष्ट्रातल्या सगळ्या चुली एका पुस्तकात कशा मावणार? प्रश्न असा, की बाकीच्यांची पुस्तकं कुठे होती?

पुस्तक लिहायला आधी अक्षरओळख लागते, सवड लागते, छापणारा लागतो. ज्यांना जातीमुळे गावकुसाबाहेर राहावं लागलं, शाळेपासून दूर ठेवलं गेलं, त्यांचं जेवण कोण लिहिणार? लिहिलं गेलं नाही, म्हणून ते 'पदार्थ'च नाहीत असं इतरांना वाटू लागलं. आणि हळूहळू खाणाऱ्यांनाही त्याची लाज वाटू लागली.

ही उणीव मराठवाड्यातले लेखक शाहू पाटोळे यांनी ओळखली. २०१५ साली त्यांचं पुस्तक आलं, 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. नाव नीट वाचा हं! अन्नाला आपण पूर्णब्रह्म म्हणतो, ते म्हणतात अपूर्ण. कारण सगळ्यांच्या ताटात सारखं पडलंच नाही. महार आणि मांग समाजाच्या घरांत काय शिजायचं, ते त्यांनी कृतींसह लिहिलं. त्यात तेल-तूप-दुधाची चंगळ नाही, ते परवडतच नव्हतं. उन्हात वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या आहेत. आहे त्यातून चव काढायची हुशारी आहे, आणि ती वेळ का आली याचा जाबही आहे. २०२४ साली भूषण कोरगावकर यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला. जी चूल आपल्याच पुस्तकांत नव्हती, ती आता परदेशातही वाचता येते!

आणखी एक गंमत. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचं वर्ष ठरवलं. झालं! ज्वारी, बाजरी, नाचणी एकदम चकचकीत पानांवर आली. ज्या घरांत भाकरी रोजच थापली जात होती, त्यांना मात्र तिची कृती विचारायला फारसं कुणी गेलं नाही.

मी पुन्हा तोच गृहपाठ दिला. या वेळी नमुना माझ्या माहेरचा होता, कुळथाचं पिठलं. ती मुलगी उभी राहिली. पाथरी कोवळी असतानाच खुडायची, दोनदा धुवायची, लसूण ठेचून घालायचा. "किती गं?" "आईच्या दोन मुठी." मी तसंच फळ्यावर लिहिलं, दोन मुठी. वर्गातल्या निम्म्या मुलांनी पाथरी पाहिलीही नव्हती. मधल्या सुट्टीत तिच्या डब्याभोवती ही गर्दी!

पालकांनो, डब्यातल्या भाजीला 'हे काय गरिबांचं खाणं' असं मुलांदेखत म्हणू नका. मुलं ऐकत असतात.

आणि मुलांनो, या रविवारी वही घेऊन आजीजवळ बसा. पुस्तकात नसलेला एक तरी पदार्थ विचारा. मुठीचं माप असेल तर मूठच लिहा. आणि कुणाच्या घरचं, तेही लिहायला विसरू नका.